पहिल्यांदा स्ट्रीट सर्किट बघायला निघालास? मग हे वाच

सोलापुरातून पहिल्यांदाच स्ट्रीट सर्किटवरची, म्हणजे शहरातल्या नेहमीच्या रस्त्यांवरच होणारी गाड्यांची रेस बघायला निघालायस, छान! मी 2023 च्या फेब्रुवारीत हैदराबादला हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची रेस बघितली. तिकीट काढलं सरळ रस्त्यालगतचं. गाडी आली कधी, गेली कधी, मान वळवेपर्यंत पत्ता नाही. सगळे नवखे हीच चूक करतात. तू हळू वळणाजवळची जागा घे. ब्रेक तिथेच लागतो, ओव्हरटेकही बहुतेक तिथेच होतो.

दुसरं, गाड्यांइतकाच रस्ता बघ. एरवी तिथून रिक्षा, बस जात असतात, त्यामुळे सरावाच्या पहिल्या सत्रात धूळ असते, पकड कमी. टायरचं रबर रस्त्यावर बसत जातं तसा वेग वाढतो. म्हणून सराव चुकवू नकोस, खरी गंमत तिथे कळते. झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग पावसात निसरडा होतो. गटाराची झाकणं तर वेल्डिंग करून पक्की करावी लागतात. 2023 मध्ये लास वेगासच्या फॉर्म्युला वन रेसला रस्त्यातलं असंच एक झाकण निखळून कार्लोस साइन्झ या ड्रायव्हरची फेरारी खालून फाटली आणि सराव दहा मिनिटांच्या आत थांबला.

आणि हो:
- गड्ड्याच्या यात्रेत रस्ते कसे बंद असतात? तसंच समज. गाडी लांब लाव, दोन तास आधी पोच.
- पेट्रोलच्या गाड्या असतील तर कानात बोळे हवेतच.
- जाळीतून फोटो काढत बसू नकोस, फोटोत जाळीच येते.

टायरचे प्रकार, डावपेच वगैरे आत्ता राहू दे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र बरोबर घे, आत खाणं महाग. नेऊ देतात का ते तिकिटावर बघून घे.