लोकांना सांगायचं का, अन् हसायचं कुठे: कोलायटिससोबत १३ वर्षं

अरे बेटा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. २४ वर्षांचा आहेस, नागपुरात मिहानमध्ये नोकरी, तीन महिन्यांपूर्वी कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याने आतडं तपासलं त्यात, अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार निघाला, ऑफिसात कोणालाच माहीत नाही, तू मीटिंगमधून उठलास की पोट्टे "काल सावजी झालं वाटते" म्हणतात अन् तूही हसून वेळ मारून नेतोस. ताई, असंच हसण्यावारी नेऊ का खरं सांगून टाकू, असं विचारलंस. मला हे २०१२ पासून आहे, तेव्हा मी २८ची होते, आणि माझं उत्तर आहे, सांग. पण कोणाला किती सांगायचं अन् त्यात हसणं कुठे आणायचं, हे जरा लांबलचक आहे.

पहिली दोन वर्षं मी तुझ्यासारखंच केलं, सगळ्यांसमोर हसत राहिले, अन् त्या सवयीने एकदा मी ओपीडीतसुद्धा हसले. डॉक्टरांनी विचारलं कसं काय सुरू आहे, मी म्हटलं, "सुरू आहे सर, गाडी स्टेशनं जरा जास्त घेऊन राहिली." ते हसले, मी हसले, सोबत आलेली बहीणही हसली आणि औषधाचा डोस तोच राहिला. तेव्हा मला दिवसातून नऊ वेळा संडासला जावं लागायचं आणि बहुतेक वेळा रक्त असायचं, हे त्यांना मी सांगितलंच नाही तर त्यांना कळणार कसं! पंधरा दिवसांनी हिमोग्लोबिन ७.८ पर्यंत घसरलं आणि मी स्टिरॉइडच्या सलाइनवर अॅडमिट होते. म्हणून आता माझा एकच कायदा, डॉक्टरसमोर आकडे सांगायचे. किती वेळा, त्यात रक्त किती वेळा, रात्री झोपेतून उठावं लागलं का. मोबाइलमध्ये रोज लिहून ठेव, एक मिनिटाचं काम आहे. डॉक्टर लोक आजार किती जोरात आहे हे ठरवायला १९५५ पासून जे निकष वापरून राहिले, त्यांची सुरुवातच आकड्याने होते: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि सोबत ताप किंवा नाडी ९०च्या वर, म्हणजे गंभीर. असं झालं तर उद्यावर ढकलू नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.

आता ऑफिस. मॅनेजरला बाजूला घेऊन सरळ सांग की माझ्या मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा आहेत, आपली रोगप्रतिकारशक्तीच आपल्या आतड्यावर उलटते असा आजार आहे, कोणाला लागत नाही, औषध सुरू आहे, मला कधी अचानक उठावं लागेल तर दाराजवळची जागा द्या. बस, एवढंच. मी एवढंच सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी जागा मिळाली आणि खरं सांगते, जागा मिळाल्यावर अर्धी घाई तर तशीच कमी झाली, कारण "पोचतो का नाही" ही धास्तीच गेली. पोट्ट्यांना सावजीबद्दलही सांग, तिखटाने हा आजार होत नाही. भडकलेला असताना तर्री सोसत नाही ही वेगळी गोष्ट, शांत असताना मी तर्री पोहा खाते, चणे जरा बाजूला सारून.

माझ्या बाबांना मात्र हे पटत नव्हतं, "पोरीच्या जातीने चार लोकांत हे काय सांगायचं" म्हणायचे. त्यांना मी जपानच्या शिंझो आबेंचं सांगितलं. त्यांनाही हाच आजार, त्यातच २००७ मध्ये पंतप्रधानपद सोडावं लागलं, मग नवीन औषधाने बरं वाटल्यावर २०१२ मध्ये परत आले, पावणेआठ वर्षं देश चालवला आणि २०२० मध्ये पुन्हा भडकला तेव्हा पत्रकार परिषदेत आजाराचं नाव घेऊन पायउतार झाले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पण पुढच्या लग्नात मावशीने विचारलं ना, "काउन गं, वडाभात घेऊन नाही राहिली?", तर बाबाच म्हणाले, तिला आतड्याची सूज आहे, तिला साधा भात द्या. मला रडूच आलं.

आणि हसणं? ते घरी भरपूर, पण आधी सगळ्यांना सगळं नीट माहीत झाल्यावर. आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामाइन औषधाच्या सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून घ्यायच्या गोळ्या, २५ डिग्रीखाली ठेवायच्या असतात, आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर, त्या बाहेर राहतील कशा, म्हणून आमच्याकडे त्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी असतात. भाच्याने त्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "मिठाई नाही. पाहुण्यांनी हात लावू नये." घरात कोणी फ्रिज उघडला की आम्ही अजून हसतो. तोच भाचा नऊ वर्षांचा असताना तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही सगळे इतवारीत मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला गेलो, लोक ओरडत होते, इडा पीडा घेऊन जा गे मारबत, आणि हा माझ्या भावाच्या खांद्यावर बसून जिवाच्या आकांताने ओरडला, "आत्याचा कोलायटिस घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूचे वळून पाहायला लागले. मी इतकी हसले की डोळ्यातून पाणी यायला लागलं, मग शेजारच्या एका बाईंनी हळूच विचारलं, बाई, ते काय असते? त्या गर्दीतच समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, माझ्या सुनेला बी डॉक्टर असंच काहीतरी सांगून राहिले, ती कोणाला बोलतच नाही. मी नंबर दिला, दोन दिवसांनी सुनेचा फोन आला, तासभर बोललो. भाच्याने कुजबुजून म्हटलं असतं तर ती पोरगी मला कधी भेटलीच नसती.

लग्नाचंही विचारलंस. दुसऱ्या भेटीत सांगायचं, पत्रिका जुळण्याची वाट पाहायची नाही. मी सांगितलं, एक घर मागे सरलं, दुसऱ्या घरातल्याने विचारलं "मग तुम्हाला जेवायला काय काय चालतं?", त्याच्याशीच लग्न केलं.

काही गोष्टी पटापट. स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नको. अंगदुखीला आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक मनाने घेऊ नको, त्याने भडकू शकतं, साधं पॅरासिटामॉल चालतं का ते डॉक्टरांना विचारून ठेव. बरं वाटतंय म्हणून मेसालामाइन सोडू नको, हे तर मी तीनदा लिहिलं तरी कमी आहे, बरेच लोक तिथेच फसतात. आजाराला आठ वर्षं झाली की कॅन्सरची तपासणी म्हणून कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरच बोलतील, घाबरू नको. आणि उन्हाळ्यात बॅगेत ओआरएसचं पाकीट असू दे, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अंदाजे चिमूटभर नाही.

ऑफिसात सगळ्यात आधी कोणाला सांगायचं म्हणशील तर मॅनेजरच्याही आधी, मानेवाड्याहून ज्याच्या गाडीवर मागे बसून जातोस त्या मित्राला. भर रस्त्यात गाडी थांबव म्हटलं तर का ते त्याला माहीत पाहिजे. वर्धा रोडने कुठे कुठे थांबता येते ते मला विचार, मला सगळं पाठ आहे.