रानात चरलेले आणि खुराकावर पोसलेले

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. तेथे ‘ग्रास-फेड’ म्हणजे गवतावर वाढलेल्या जनावराचे बीफ वेगळे मिळते आणि नेहमीच्या बीफपेक्षा बरेच महाग असते. त्यात ओमेगा-३ हे हृदयाला चांगले मानले जाणारे मेदाम्ल भरपूर असते, असे समजून तो तेच घेतो. माझी दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली असून दर रविवारचे मटण आता महिन्यातून दोनदा आले आहे. मुलाचा आग्रह असा, की ‘बाबा, तुम्ही निदान चरणाऱ्या बोकडाचे तरी आणा.’ आमच्या भागातील एक विक्रेता ‘रानात चरलेल्या बोकडाचे मटण’ असा फलक लावून किलोमागे जास्त पैसे घेतो. हा फरक खरा असतो का? चरबी पिवळी दिसली की जनावर चरलेले समजावे, हे बरोबर आहे का?
— एक वाचक, धनकवडी, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात टेक्सासमधील गुरे आणि पुण्यातील बोकड एकाच दाव्याला बांधलेले आहेत, ते आधी सोडवून घेऊ. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि वळू व बैल यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी असल्यामुळे येथे हा प्रश्न मुख्यतः शेळी-मेंढीपुरताच उरतो. परंतु गवतावरच्या मांसाबद्दल जी मोजमापे सांगितली जातात, ती बहुतेक गायीगुरांवरची आहेत, म्हणून सुरुवात तिकडूनच करावी लागते.

अमेरिकेतील बहुतेक सगळी वासरे सुरुवातीला कुरणातच वाढतात. खरा फरक पडतो तो शेवटच्या चार-सहा महिन्यांत. नेहमीच्या पद्धतीत जनावर मोठ्या आवारात, ज्याला तेथे फीडलॉट म्हणतात, मक्याच्या खुराकावर ठेवून झपाट्याने वजनदार केले जाते आणि साधारण दीड वर्षाच्या आतबाहेर विकले जाते. गवतावरच्या जनावराला तेवढ्याच वजनासाठी कित्येक महिने अधिक लागतात, आणि किमतीतील फरकाचा मोठा भाग या जास्तीच्या महिन्यांचा असतो. मुलाला एक गोष्ट जरूर कळवावी. अमेरिकेच्या कृषी खात्याने ‘ग्रास-फेड’ या शब्दासाठी ठरवलेले ऐच्छिक मानक जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतले. त्यामुळे जनावर शेवटपर्यंत गवतावर होते का, म्हणजे ते ‘ग्रास-फिनिश्ड’ आहे का, हे वेष्टनावर पाहणे आवश्यक ठरते. संप्रेरके किंवा प्रतिजैविके दिली नव्हती, असाही अर्थ त्या एका शब्दातून निघत नाही. ते दावे स्वतंत्रपणे छापलेले असावे लागतात.

आता ओमेगा-३ चे पाहू. हिरव्या गवतात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, जे ओमेगा-३ कुळातील आहे, आणि मक्यात प्रामुख्याने लिनोलेइक आम्ल असते, जे ओमेगा-६ कुळातील आहे. जनावर जे खाते ते त्याच्या चरबीत उतरते, परंतु रवंथ करणाऱ्या जनावरात ते सरळ उतरत नाही, कारण कोटीपोटातील, म्हणजे त्यांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, जिवाणू या असंपृक्त मेदाम्लांपैकी बहुतेकांचे संपृक्त मेदाम्लांत रूपांतर करून टाकतात आणि त्यांच्या तावडीतून निसटलेला थोडा भागच मांसापर्यंत पोहोचतो. तेवढ्यानेही प्रमाण बदलते, हे खरे. खुराकावरच्या बीफमध्ये ओमेगा-६ हे ओमेगा-३ च्या साधारण सात-आठपट, तर गवतावरच्या बीफमध्ये दीड-दोनपट आढळते. ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन गवतावरच्या मांसात अधिक असतात, सी.एल.ए. नावाचे मेदाम्लही अधिक असते आणि एकूण चरबी बहुधा कमी असते. प्रथिने, लोह, जस्त आणि बी-१२ या ज्या गोष्टींसाठी मांस खरोखर खाल्ले जाते, त्यांत मात्र सांगण्यासारखा फरक नाही.

येथे गफलत होते ती अशी, की प्रमाण सुधारले म्हणजे मात्रा वाढली, असे आपण धरून चालतो. १०० ग्रॅम गवतावरच्या बीफमधील ओमेगा-३ मिलिग्रॅममध्ये मोजावे लागते आणि कमी चरबीचे मांस असेल तर ते बहुधा १०० मिलिग्रॅमच्या आतच असते. आपल्या घरच्या जवसाच्या चटणीचा विचार करा. १ मोठा चमचा जवसाच्या कुटात सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे १,५०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. जवसातील या आम्लाचे माशांच्या तेलातील आम्लांत रूपांतर करण्याची आपल्या शरीराची क्षमता तोकडी आहे, हे मान्य. परंतु त्यासाठी बांगडा आणि तारली आहेत, आणि त्यांच्यापुढे कोणतेही बीफ या बाबतीत उभे राहत नाही. उत्तर आयर्लंडमधील एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, निरोगी माणसांना चार आठवडे गवतावरच्या जनावरांचे मांस दिले गेले. त्यांच्या रक्तातील ओमेगा-३ वाढले, पण कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

आपल्या ताटाचा हिशेब तर आणखी वेगळा आहे. नेहमीच्या सूर्यफूल तेलात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेइक आम्लाचा असतो, म्हणजे फोडणीच्या एका मोठ्या चमच्यातच सात ग्रॅमच्या आसपास ओमेगा-६ पातेल्यात पडते, आणि रविवारच्या मटणाला एका चमच्यावर भागवणारे घर माझ्या तरी पाहण्यात नाही. बोकडाने रानोमाळ हिंडून जे चार मिलिग्रॅम कमावलेले असतात, ते त्या तर्रीत बुडून जातात. आपल्या हृदयासाठी म्हणूनच बोकडाच्या चाऱ्यापेक्षा पुढील गोष्टींना महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे. मटण घेताना चापेऐवजी मांडीचा कमी चरबीचा भाग मागावा, गुर्द्याभोवतीची चरबी तेथेच काढून घ्यावी आणि भेजा टाळावा. आळणी आदल्या रात्री शिजवून फ्रीजमध्ये ठेवल्यास सकाळी तिच्यावर पांढरा थर घट्ट बसलेला दिसतो. तो चमच्याने उचलून टाकावा आणि मगच फोडणी द्यावी. महिन्यातून दोनदा ही जी मर्यादा डॉक्टरांनी घातली आहे, ती चरलेल्या बोकडालाही लागू आहे.

पुण्याच्या आसपासचा बोकड पूर्णपणे रानातला किंवा पूर्णपणे गोठ्यातला असा क्वचितच असतो. पुरंदर-बारामतीकडची शेळी दिवसभर बाभूळ, बोर, शेवरी यांचे शेंडे ओरबाडते आणि संध्याकाळी परतल्यावर तिला मक्याचा भरडा किंवा तुरीचे भूस मिळते. यालाच अर्धबंदिस्त शेळीपालन म्हणतात. बकरी ईदसाठी तयार केलेला बोकड कित्येक महिने दावणीला राहून पेंड आणि मेथीघास खात असतो. त्यामुळे त्या विक्रेत्याला ‘चरलेला का’ असे न विचारता ‘शेवटचे दोन-तीन महिने काय खात होता’ असे विचारावे. उत्तर देताना तो किती अडखळतो, यावरून आपल्याला पुरेसे कळेल.

पिवळ्या चरबीची खूण मात्र सोडून द्यावी. तिचे कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गाईचे तूप पिवळसर आणि म्हशीचे पांढरे असते, कारण गाय गवतातील कॅरोटीन तसेच शोषून चरबीत साठवते, तर म्हैस त्यातील जवळपास सर्वाचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते. शेळी-मेंढी या बाबतीत म्हशीच्या पंगतीतल्या आहेत. शेळी आयुष्यभर हिरवे खाऊनही तिची चरबी पांढरीच राहते. बोकडाची चरबी पिवळी दिसली तर पशुवैद्यकाला पहिली शंका काविळीची येते, आणि त्या ठिकाणी जास्त पैसे मोजण्याऐवजी दुसऱ्या दुकानाकडे वळावे. मटण घेताना टांगलेल्या धडावर तपासणीचा शिक्का आहे का, ते पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रश्न : गावाकडच्या मटणाला चव असते आणि पुण्यातल्या मटणाला नसते, असे माझ्या सासूबाई नेहमी म्हणतात. मला मात्र गावाकडच्या मटणाला उग्र वास येतो आणि ते वातडही लागते. आमच्या दोघींपैकी कोणाचे बरोबर?
— एक वाचक, बिबवेवाडी, पुणे

उत्तर : दोघींचे बरोबर आहे, आणि ही पळवाट नाही. चाऱ्याचा फरक पोषणात जेवढा सापडत नाही, तेवढा तो नाकाला आणि जिभेला सापडतो. गवतातील लिनोलेनिक आम्ल शिजताना मोडते आणि त्यातून हिरवट वासाची द्रव्ये तयार होतात. कोवळ्या चाऱ्यातील प्रथिने कोटीपोटात आंबली की स्कॅटोल नावाचे द्रव्य बनते आणि ते चरबीत मुरते. या वासाची सवय असलेल्या माणसाला तो म्हणजेच मटणाची चव वाटतो आणि सवय नसलेल्याला तो उग्र दर्प वाटतो. अमेरिकेत मक्यावरचे बीफ लोण्यासारखे लागते म्हणून वाखाणले जाते, आणि अर्जेंटिनात पिढ्यान्‌पिढ्या गवतावरच्या बीफचीच सवय होती. सासूबाईंची जीभ कोणत्या रानात घडली, यावर हा वाद अवलंबून आहे.

बोकडाचा खास ‘बोकड वास’ मात्र चाऱ्याचा नसतो. तो काही विशिष्ट फांदीदार मेदाम्लांचा असतो आणि वयात आलेल्या, न खच्ची केलेल्या नरात तो सर्वांत तीव्र असतो. म्हणूनच जाणकार गिऱ्हाईक खच्ची बोकड मागते. मेंढ्यांना धान्याचा खुराक फार दिला तर त्यांच्या चरबीत अशीच आम्ले वाढतात, त्यामुळे खुराकावरचे म्हणजे बिनवासाचे, हेही सरसकट खरे नाही.

वातडपणाबद्दल आपल्याकडे ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड कशी’ अशी म्हण आहेच. पण खाणाऱ्याचीही बाजू ऐकून घ्यायला हवी. चरणारे जनावर चालते, उशिरा वजन धरते आणि विकले जाईपर्यंत जून होते. वय वाढते तसे स्नायूंतील कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट गुंततात आणि ते सैल व्हायला मंद आचेवर अधिक वेळ लागतो. दुसरे कारण आपल्या घाईचे आहे. पहाटे कापलेले मटण सकाळी दहाला पिशवीत आणि बाराला कुकरमध्ये, हा पुण्याचा रविवार. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात, आणि नेमक्या त्याच अवस्थेत आपण ते शिजवतो. तेच मटण डब्यात झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात २४ तास ठेवले तर मांसातील विकरे ते आपोआप मऊ करतात. आणल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाकू नये. आखडण्यापूर्वी गोठवलेले मटण वितळताना अधिकच आकसते.

मी मागे एकदा सासवडकडून आणलेले चरलेल्या बोकडाचे आणि एका बंदिस्त फार्मवरचे, असे अर्धा-अर्धा किलो मटण एकाच दिवशी वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवले होते, दोन्हींत फक्त मीठ, हळद आणि आले-लसूण घालून. फार्मवरचे पाऊण तासात हाडापासून सुटले आणि त्याच्या आळणीवर चरबीचे मोठे डोळे तरंगत होते. सासवडच्या मटणाने दीड तास घेतला, आळणी पातळ राहिली, पण झाकण काढल्यावर ओल्या पाल्यासारखा वास आला आणि घरातील ज्येष्ठांनी तीच वाटी दुसऱ्यांदा मागितली. मुलांनी ती चाखून बाजूला सारली. पुढच्या रविवारी दोन्हींना काळा मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण घातले, तेव्हा कोणती वाटी कोणती, हे कोणालाही ओळखता आले नाही. म्हणून माझा सल्ला असा, की आळणी किंवा साधे भाजलेले मटण करायचे असेल तर चरलेल्या बोकडाचे जास्त पैसे देण्यात अर्थ आहे. झणझणीत रश्शासाठी तो खर्च वाया जातो, कोवळे आणि खच्ची एवढे पाहून घेतले तरी पुरते.

प्रश्न : गावाकडून आणलेले मटण गडद, काळपट लाल दिसते. ते शिळे समजावे का?
— एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : नाही. स्नायूंचा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे येतो आणि चालणाऱ्या, वयाने मोठ्या जनावराच्या स्नायूंत ते अधिक असते, त्यामुळे असे मटण ताजे असतानाच गडद दिसते. शिळेपणा रंगावरून न ठरवता बोटावरून आणि नाकावरून ठरवावा: पृष्ठभाग बुळबुळीत लागला किंवा आंबूस वास आला तर ते परत करावे. डब्याच्या तळाशी साचणाऱ्या लाल पाण्याला बहुतेक जण रक्त समजून ओतून देतात. ते रक्त नसून मायोग्लोबिन मिसळलेले मांसातील पाणी असते आणि ते रश्शात घातले तरी चालते.