शिंपल्यातली पोटभाडेकरू

प्रश्न असा आहे : पुण्याच्या गणेश पेठेतून तिसऱ्या (खायचे शिंपले) आणल्या, एकशिपी करायला उघडल्या, तर त्यांतल्या दोन तिसऱ्यांच्या पोटात वाटाण्याएवढे मऊ, पांढुरके खेकडे निघाले. सासूबाई म्हणाल्या, कुर्लीची पिल्लं. शेजारचे काका म्हणाले, शंखातले खेकडे. मराठीत यांना म्हणायचं काय?

सासूबाईंशी वाद घालू नका, पण ती पिल्लं नव्हेत. अंड्यातून निघालेलं समुद्री खेकड्याचं पिल्लू खेकड्यासारखं दिसतच नाही, ते पाण्यात तरंगत वाढतं. काकांची चूक मात्र शब्दाची आहे. शंख अखंड आणि पिळाचा. शिंपल्याला दोन शिंपा, त्यातली एक टाकून देतो म्हणून तर 'एकशिपी'. शंखातला खेकडा रिकामं झालेलं घर बळकावतो. तुमचा पाहुणा जिवंत तिसरीतच राहत होता.

पुढच्या खेपेला तो उलटा करून पाहा, कोळीण कुर्ली पाहते तसा. पोटाखालची झडप निमुळती असेल तर नर, रुंद आणि गोल असेल तर मादी. शिंपल्यात बहुधा मादीच सापडते. पाठ इतकी पातळ, की आतलं केशरी दिसावं. डोळे टाचणीच्या टोकाएवढे.

इंग्रजीत हा 'पी क्रॅब'. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६७ साली युरोपातल्या एका जातीला 'पिसम' म्हटलं, लॅटिनमध्ये वाटाणा. त्याच्या वंशाचं (जीनसचं) 'पिनोथेरिस' हे नाव मात्र ग्रीक : पिना नावाच्या शिंपल्याचा राखणदार. शत्रू आला की हा आत बसून शिंपल्याला सावध करतो, अशी जुनी समजूत. राखणदार म्हटलं की कोकणात नारळ ठेवतात! हा तर यजमानाने पाण्यातून गाळलेलं अन्न त्याच्या कल्ल्यांवरूनच उचलतो, वर कल्ले दुखावतो. भाडं शून्य. पुण्यात अशांना शब्द तयार आहे, पोटभाडेकरू. पोटकलम, पोटजात यांतलं 'पोट' म्हणजे मुख्य गोष्टीच्या आतलं, हाताखालचं. इथे ते अक्षरशः पोट आहे.

हे झालं गमतीचं. रोजच्या वापराला मी 'वाटाणकुर्ली' सुचवेन. 'वाटाणा खेकडा'ही चालेल, पण कुर्ली हा शब्द स्त्रीलिंगी आणि सापडते तीही बहुधा मादीच, मग खेकडा कशाला?

आणि हो, तिसऱ्या फेकल्या नाहीत ना? नीट शिजवल्यावर पोटभाडेकरूसकट खाता येतात.