'पुट ऑफ' : बैठक ढकलायची की मन उडवायचं?

प्रश्न : 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, असं पाठ केलं होतं. मग 'द स्मेल पुट मी ऑफ' याचा अर्थ काय?

उत्तर : आधी कर्म बघा. बैठक, परीक्षा, लग्न असं काही असेल तर ते लांबणीवर पडलं. कर्म माणूस असेल तर बहुधा त्याचं मन उडालं. तुमच्या वाक्यात त्या वासाने खाण्यावरची वासनाच गेली. 'बहुधा' म्हणायचं कारण, 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ' म्हणजे तो मला 'उद्या बघू, परवा बघू' करत झुलवतोय. आणि कुणी नोटा मोजताना 'डोन्ट पुट मी ऑफ' म्हणाला, तर त्याला इतकंच सांगायचंय की मध्ये बोलू नकोस, मोजणी चुकेल.

खरी गफलत 'बाय'पाशी होते. 'पुट ऑफ बाय अ वीक' म्हणजे आठवडाभर पुढे गेलं. 'पुट ऑफ बाय द प्राइस' म्हणजे किंमत ऐकूनच घ्यायची इच्छा मेली. ठरावीक दिवस सांगायचा असेल तर 'टिल' वापरा : 'पुट ऑफ टिल मंडे'.

प्रश्न : 'पुट ऑफ इट' का चालत नाही?

उत्तर : नाम मध्येही बसतं, शेवटीही : 'पुट द मीटिंग ऑफ', 'पुट ऑफ द मीटिंग'. सर्वनामाला ही मोकळीक नाही, ते मध्येच हवं : 'पुट इट ऑफ'. बोलताना जोर 'ऑफ'वर द्या.

याहून जास्त चुकतं ते पुढचं क्रियापद. 'जायचं पुढे ढकललं' हे मनात असतं, म्हणून तोंडून 'पुट ऑफ टू गो' निघतं. हवं 'पुट ऑफ गोइंग'. भूतकाळातही 'पुट'च राहतं. 'पुटेड' असं रूप नाही.

प्रश्न : 'कॉल ऑफ' म्हणजे तेच ना?

उत्तर : नाही. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द. त्याला 'टिल मंडे' जोडू नका.

प्रश्न : 'पुट ऑफ द लाइट' म्हटलं तर हसतील का?

उत्तर : हसू नये. ब्रिटिश वापरात हा अर्थ आहे, आपल्याकडे तर तो सर्रास ऐकू येतो. तरी लिहिताना 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' बरं. मेणबत्तीला मात्र बटण नसतं. तिथे 'पुट आउट'.