मोहिनी घातलेला शत्रू ‘राजी’ धरायचा का?

नागपूरच्या गटाचा प्रश्न: डी अँड डी (‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’) या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) ‘चार्म पर्सन’ हा मोहिनी-मंत्र लागलेल्या शत्रूला ‘डायमेन्शन डोअर’ने (क्षणात दुसरीकडे नेणारा मंत्र, सोबतचा जीव ‘राजी’ लागतो) सोबत नेता येतं का?

आपोआप नाही. चार्ममुळे तो तुम्हाला ओळखीचा मित्र समजतो, गुलाम होत नाही. ‘राजी’ची व्याख्या नियमांत नाही, म्हणजे डीएम (खेळ चालवणारा) ठरवणार, तर्री-पोहे यायच्या आधीच विचारून घ्या. शिवाय लढाई सुरू असेल तर त्याला चार्म टाळायच्या फेकीवर (विस्डम सेव्ह) ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा.

त्यापेक्षा ‘सजेशन’ (वाजवी वाटणारी सूचना पाळायला लावणारा मंत्र) बरं: “हात धर, इथून बाहेर काढतो” हे वाजवी वाटतं. मध्येच तुमच्यापैकी कुणी घाव घातला की ते संपलं. डायमेन्शन डोअरसाठी शत्रू ५ फुटांत, तुमच्याएवढा किंवा लहान हवा. राजी शत्रूचं रूप बदलायच्या ‘पॉलिमॉर्फ’ला मात्र सजेशनसारखंच कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच मंत्रावर धरता येणारं लक्ष) लागतं, ते टाकताच सजेशन तुटतं, तिथे दुसरा जादूगारच पाहिजे.