जगातल्या बहुतेक युद्धांना धर्मच जबाबदार आहे का?

तुम्ही विचारलंय, "धर्म नसते तर जगातली निम्मी युद्धं झालीच नसती, असं माझा एक मित्र ठासून सांगतो. हे खरं आहे का?"

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज राहील. मी देव मानत नाही. कॉलेजात असताना तुमच्या मित्राचं हेच वाक्य मी वादात हुकमाचं पान म्हणून टाकायचे. समोरचा गप्प बसला की वाटायचं, जिंकलो. नंतर थोडा इतिहास नीट वाचला आणि ते पान हातातून गेलं. पण त्याच्या उलट जे सांगितलं जातं, की सगळे धर्म शांतीच शिकवतात आणि राजकारणी लोक त्यांचा गैरवापर करतात, तेही मला पटत नाही. आपल्या माणसांनी केलेलं सगळं 'गैरवापर' या खात्यावर टाकलं की आपण मोकळे.

या विषयावर वाद निघाला की इंटरनेटवर एक आकडा हमखास फेकला जातो: इतिहासातल्या १,७६३ युद्धांपैकी धार्मिक फक्त १२३, म्हणजे सुमारे ७ टक्के. आकडा सोयीचा आहे, पण माझा त्यावर विश्वास नाही. कारण युद्धाच्या कपाळावर 'धार्मिक' किंवा 'राजकीय' असा शिक्का नसतो. मोजणारा जो मारेल तो शिक्का. एकच उदाहरण जरा तपशिलात सांगते, मग तुम्हीच ठरवा ते कुठल्या रकान्यात घालायचं.

बेथलेहेममध्ये येशूच्या जन्मस्थानावर एक चर्च आहे. त्याच्या तळघरातल्या गुहेत, जन्माची नेमकी जागा म्हणून, एक चांदीची चांदणी बसवलेली होती. तिच्यावरचा मजकूर लॅटिनमध्ये, म्हणजे ती कॅथलिकांची. १८४७ मध्ये ही चांदणी एके दिवशी गायब झाली. कॅथलिक म्हणाले, ऑर्थोडॉक्स (म्हणजे ग्रीस-रशियाकडच्या ख्रिस्ती पंथाच्या) साधूंनी चोरली. वाद आधीपासूनच धुमसत होता. १८४६ मध्ये दोन्ही पंथांचा गुड फ्रायडे एकाच दिवशी आला, तेव्हा जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये पहिला मान कोणाचा यावरून दोन्हीकडचे लोक हातघाईवर आले होते. क्रूस, मेणबत्त्यांच्या समया, हाताला लागेल ते घेऊन मारामारी झाली आणि चाळीसच्या वर माणसं मेली. चर्चमध्ये, गुड फ्रायडेला!

बेथलेहेमच्या चर्चच्या मुख्य दाराची किल्ली कोणाकडे असावी हाही त्याच भांडणाचा भाग. ही सगळी ठिकाणं तेव्हा तुर्की सुलतानाच्या ताब्यात होती. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला आपल्या देशातले कॅथलिक खूश ठेवायचे होते, म्हणून त्याने सुलतानावर दबाव आणला आणि १८५२ च्या अखेरीस किल्ली कॅथलिकांना मिळाली. रशियाचा झार पहिला निकोलस संतापला. त्याने नुसती किल्ली परत मागितली नाही. सुलतानाच्या राज्यातल्या लाखो ऑर्थोडॉक्स प्रजेचा रक्षणकर्ता म्हणून आपल्याला मान्यता द्या, अशी मागणी केली. पुढे रशियन सैन्य सुलतानाच्या अमलाखालच्या मोल्डाविया आणि वालाकिया या प्रांतांत घुसलं. ऑक्टोबर १८५३ मध्ये तुर्कस्तानने युद्ध पुकारलं, मार्च १८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स सुलतानाच्या बाजूने उतरले. हेच ते क्रिमियाचं युद्ध. लाखो माणसं गेली, त्यातली बरीचशी गोळीने नव्हे तर कॉलरा आणि तापाने.

आता यातली गंमत बघा (गंमत म्हणणं बरं नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही). चर्च आणि किल्लीचा मूळ वाद मे १८५३ मध्ये, म्हणजे युद्धाच्या काही महिने आधी, ब्रिटिश राजदूताच्या मध्यस्थीने मिटलेला होता! तरी युद्ध झालं. कारण रशियाचा डोळा काळ्या समुद्रातून बाहेर पडणाऱ्या सामुद्रधुनींवर होता, आणि रशिया तिथवर पोचू नये म्हणून ब्रिटनला तुर्कस्तान जिवंत हवा होता. ख्रिस्ती झाराविरुद्ध दोन ख्रिस्ती देश मुसलमान खलिफाच्या (तुर्की सुलतान हाच खलिफा) बाजूने लढले. पुढच्या वर्षी इटलीतलं सार्डिनियाचं छोटंसं राज्यही पंधरा हजार सैनिक घेऊन आलं. त्याचा या किल्लीशी काडीचा संबंध नव्हता, त्याला फक्त तहाच्या टेबलावर एक खुर्ची हवी होती.

मग हे युद्ध राजकीय? तसं म्हणून मोकळं होता येत नाही. झार निकोलस ढोंगी नव्हता. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं रक्षण हे देवाने आपल्यावर सोपवलेलं काम आहे, असं तो मनापासून मानत होता. त्याच्या डोक्यात सामुद्रधुनी आणि चांदणी अशा दोन वेगळ्या फायली नव्हत्याच. त्या आपण पाडतो, दीडशे वर्षांनी, खुर्चीत बसून.

त्याच पवित्र कबरीच्या चर्चमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये आर्मेनियन आणि ग्रीक साधूंची पुन्हा जुंपली. झगे घातलेली माणसं एकमेकांना गुद्दे मारताहेत, पोलीस मध्ये पडताहेत, ही दृश्यं टीव्हीवर जगभर दिसली. दोघांना ताब्यात घेतलं आणि विषय संपला. जागा तीच, मानपानाचं भांडण तेच. फक्त या वेळी कुठल्याही साधूच्या मागे आरमार घेऊन कोणी सम्राट उभा नव्हता.

तुमच्या मित्राला आणखी एक विचारा: दोन्हीकडे एकच धर्म असलेल्या युद्धांचं काय? पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बक्कलवर 'देव आमच्यासोबत' असं कोरलेलं असायचं, आणि समोरच्या खंदकातला इंग्रज त्याच देवाची प्रार्थना करून उठायचा. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या खलिफाने जिहाद पुकारला, तोही जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन ख्रिस्ती साम्राज्यांच्या जोडीने. जगभरचे मुसलमान उठतील अशी अपेक्षा होती. झालं असं की १९१६ मध्ये खुद्द मक्केच्या शरीफाने, म्हणजे तिथल्या कारभाऱ्याने, खलिफाविरुद्ध बंड केलं, ब्रिटिशांची मदत घेऊन. रवांडात १९९४ च्या हत्याकांडात मारणारे आणि मरणारे बहुतेक ख्रिस्तीच होते, आणि हजारो लोक आसऱ्याला गेलेल्या चर्चमध्येच कापले गेले. आपल्याला पानिपत माहीत असतं. अब्दालीला बोलावताना नजीबखानाने धर्माची हाक दिली हे खरं. पण १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी लढवत होता, आणि समोर शुजाउद्दौलाच्या फौजेत गोसाव्यांचं पथक होतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी धर्माला निर्दोष सोडते आहे. तसं नाही. युद्ध कोण सुरू करतो, हा एक प्रश्न झाला. सामान्य माणूस शेजाऱ्याचा गळा का कापतो, हा दुसरा. आणि सुरू झालेलं थांबत का नाही, हा तिसरा. पहिल्यात धर्माचा हात बऱ्याचदा दुय्यम असतो, पण दुसऱ्या आणि तिसऱ्यात त्याच्यावर जबर आरोप ठेवता येतो.

शेजाऱ्याचं उदाहरण पॅरिसचं. १८ ऑगस्ट १५७२ ला फ्रान्सच्या कॅथलिक राजाच्या बहिणीचं लग्न प्रोटेस्टंट आँरी द नाव्हारशी झालं. यादवी मिटावी म्हणून लावलेलं लग्न. वऱ्हाडी म्हणून प्रोटेस्टंट सरदार शहरात जमलेले. सहाव्या दिवशी पहाटे राजाच्या हुकमाने त्यांचा नेता कोलिन्यी याला मारून खिडकीतून खाली फेकलं, पाठोपाठ बाकीच्या सरदारांना मारलं. इथपर्यंत हा दरबारी कट आहे, असे कट जगात शेकड्याने झालेत. पण मग शहर उठलं. टोप्यांवर पांढरे क्रूस लावून लोक प्रोटेस्टंट शेजाऱ्यांच्या घरात शिरले. ना त्यांना कोणी जमीन देणार होतं ना पदवी. सरदारांना मारायला राजाला यादी लागली. या लोकांना लागली नाही, कोण कुठल्या प्रार्थनेला जातो हे त्यांना पाठ होतं. कत्तल थांबवा, असा हुकूम राजाने काढला, तो कोणी ऐकला नाही. एकट्या पॅरिसमध्ये दोन-तीन हजार माणसं मेली, नंतर इतर शहरांत लोण पसरलं. रोममध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी आभाराची प्रार्थना करवली आणि या घटनेचं पदक पाडलं. याला 'गैरवापर' म्हणायचं तर गैरवापर करणारा नेमका कोण? सत्ता थांबा म्हणत होती आणि श्रद्धा ऐकत नव्हती.

न थांबण्याचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने इराणवर हल्ला केला. कारणं रोकडी: शत्त अल-अरब नदीवरचा हक्क, खुझेस्तानचं तेल, शेजारच्या क्रांतीची भीती. इराकी सैन्यातले साधे शिपाई बहुसंख्य शिया होते, समोरचे इराणीही शिया. म्हणजे सुरुवात धर्माची नाहीच. मे १९८२ मध्ये इराणने खोर्रमशहर परत जिंकलं, बहुतेक मुलूख सोडवला. सद्दाम हुसेन तहाला तयार झाला. हिशेबाने चालणारा कोणीही राजा इथे भरपाई वाजवून घेऊन घरी गेला असता. पण तोवर इराणसाठी ते पवित्र युद्ध झालं होतं. कुद्सचा, म्हणजे जेरुसलेमचा, रस्ता करबलावरून, म्हणजे इराकमधल्या शियांच्या पवित्र शहरावरून, जातो, अशी घोषणा होती. शहीद झालेल्या पोरांच्या आईबापांना 'आता पुरे' असं कोणत्या तोंडाने सांगणार? आणखी सहा वर्षं लढाई चालली. १९८८ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी युद्धबंदी मान्य केली, तेव्हा हा निर्णय म्हणजे विषाचा प्याला पिण्यासारखा आहे असं ते म्हणाले. सीमारेषा जवळपास जिथल्या तिथे राहिली.

माझा धर्मावरचा मुख्य आक्षेप हा आहे. जमीन अर्धी करता येते. खंडणी हप्त्याने देता येते. गादीवरचा दावा लग्न लावून मिटवता येतो. देवाने दिलेलं वचन अर्धं कसं करणार? राजाने माघार घेतली तर तो हरलेला राजा असतो, पण देवाच्या नावाने लढणाऱ्याने माघार घेतली तर तो पापी ठरतो. आता हा दोष एकट्या धर्माचा नाही. राष्ट्र, वंश, क्रांती यांनाही विसाव्या शतकात देव्हाऱ्यात बसवलं गेलं, आणि स्टॅलिन किंवा पोल पॉटला कोणत्याही देवाची गरज पडली नाही. (याचा अर्थ 'नास्तिकांनीच जास्त मारले' असा काढून कोणी खाली कमेंट करणार असेल तर करू नये. तोही तसाच आळशी हिशेब आहे.)

हे सुटतं कसं, यासाठी युरोपचं तीस वर्षांचं युद्ध बघण्यासारखं आहे. १६१८ मध्ये प्राग शहरात प्रोटेस्टंट सरदारांनी जर्मन साम्राज्याच्या कॅथलिक सम्राटाचे अधिकारी खिडकीतून खाली फेकले तिथून सुरुवात (ते वाचले, हे वेगळं). पुढे ते इतकं गुंतलं की १६३१ पासून फ्रान्सचा कार्डिनल रिशेल्यू, कॅथलिक चर्चचाच मोठा अधिकारी, स्वीडनच्या ल्यूथरन राजाला कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढायला दरवर्षी पैसे देत होता. जर्मन मुलुखातली गावंच्या गावं ओस पडली. अखेर तहाची बोलणी सुरू झाली, तीही दोन वेगळ्या गावांत, म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युकला. कोणाचा पंथ खरा, हे ठरवण्याच्या नादाला यावेळी कोणी लागलं नाही. त्यांनी चक्क एक तारीख ठरवली: १ जानेवारी १६२४. साम्राज्याच्या बऱ्याचशा भागात त्या दिवशी जे चर्च ज्याच्या ताब्यात होतं, ते त्याचं. तीच तारीख का? तर दोघांनाही सारखीच अडचणीची होती म्हणून.

२४ ऑक्टोबर १६४८ ला सह्या झाल्या. पोप दहावे इनोसंट यांनी हा तह रद्दबातल आहे असं फर्मान काढलं. ते असं करणार हे दोन्ही बाजूंच्या वकिलांना आधीच माहीत होतं, आणि असा कोणताही आक्षेप चालणार नाही हे कलम त्यांनी तहातच घालून ठेवलं होतं.