जनुक तेच असताना झाडावर रोग पुन्हा का येतो?

प्रश्न : सफरचंदाच्या काही जातींवर स्कॅब हा बुरशीजन्य रोग येत नाही, कारण त्यांच्यात रोगप्रतिकारक जनुक असते, असे वाचले. मात्र युरोपात अशाच जातींवर काही वर्षांनी हा रोग दिसू लागला. काळ जाईल तसे झाडातील जनुक कमकुवत होते का? आमच्या द्राक्षांत असे जनुक आणता येईल का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : जनुक कमकुवत होत नाही. सफरचंदाची जात कलमाने वाढवतात, त्यामुळे अमेरिकेत १९७० साली प्रसारित झालेल्या ‘प्रिमा’ या जातीच्या आजच्या झाडातही तेच जनुक आहे. बदलते ती बुरशी.

हे जनुक आले ‘मॅलस फ्लोरिबुंडा ८२१’ या शोभेच्या झाडातून. त्याची फळे जेमतेम वाटाण्याएवढी असतात, पण त्याला स्कॅब होत नाही. इलिनॉय विद्यापीठात १९१४ साली त्याचा मोठ्या फळाच्या ‘रोम ब्यूटी’शी संकर करण्यात आला. पुढे त्या संकराची संतती पिढ्यान्‌पिढ्या उत्तम फळांच्या जातींशी जुळवत, ‘व्हीएफ’ नावाने ओळखले जाणारे हे जनुक राखून ‘प्रिमा’ तयार झाली.

स्कॅबची बुरशी गळून पडलेल्या पानांत हिवाळा काढते. वसंतातील पावसात तिचे बीजाणू उडून ओल्या पानांवर रुजतात, पानाचा मेणचट थर भेदतात आणि त्या थराखालीच पसरू लागतात. पसरताना बुरशी काही प्रथिने सोडते. व्हीएफ जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर पहारेकऱ्यासारखे असते. बुरशीची खूण त्याला पटली, की पेशी बचावाची रसायने तयार करू लागतात, लागण झालेल्या ठिकाणच्या काही पेशी स्वतः मरतात आणि बुरशीची वाढ तिथेच खुंटते. अशा पानावर फार तर पिवळसर डाग दिसतो. रोगट पानावर येणारा हिरवट-काळा मखमली थर सहसा धरत नाही. व्हीएफच्या जागेवरील एकच जनुक रोगाला सहज बळी पडणाऱ्या ‘गाला’ जातीत घातल्यावर तिची रोपे स्कॅबला तोंड देऊ शकली, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

मात्र हा सारा बचाव ती एक खूण ओळखण्यावर उभा आहे. स्कॅबच्या बुरशीचे लैंगिक प्रजनन दर हिवाळ्यात गळलेल्या पानांत होते, म्हणून दरवर्षी तिची नवी, वेगवेगळ्या गुणांची पिढी जन्माला येते. त्यांतल्या एखाद्या वाणात ही खूण बदललेली असली, तर जनुक शाबूत असूनही झाडाला शत्रू ओळखता येत नाही. जर्मनीतील आरेन्सबुर्ग येथे नेमके हेच आढळले आणि त्या वाणाला ‘वंश ६’ असे नाव मिळाले. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की या वंशाने ‘प्रिमा’वर मात केली, पण मूळच्या फ्लोरिबुंडावर त्याचे काही चालले नाही. त्या झाडात आणखी एक प्रतिकारक जनुक होते आणि संकर करताना ते मागे राहून गेले होते.

म्हणूनच आता पैदासकार एकाच जातीत दोन-तीन प्रतिकारक जनुके आणण्याचा प्रयत्न करतात, कारण बुरशीला एकाच वेळी सगळ्या खुणा बदलणे अवघड जाते. रशियातील ‘अँटोनोव्का’ या जुन्या जातीत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असलेला प्रतिकारही आढळतो. तो रोग पूर्णपणे रोखत नाही, पण तो मोडून काढणे बुरशीला सोपे नसते. पैदासकारांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. दरम्यान, प्रतिकारक जातीच्या बागेतही गळलेली पाने गोळा करून नष्ट करणे किंवा पानगळीच्या सुमारास ५ टक्के युरियाची फवारणी करून ती लवकर कुजवणे सोडू नये, कारण नवी पिढी तिथेच जन्मते.

द्राक्षाबाबत : ‘थॉमसन सीडलेस’ आणि तिच्यापासून निवडलेल्या ‘तास-ए-गणेश’सारख्या जाती युरोपीय द्राक्षवर्गातील आहेत. केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेतील, त्यामुळे या वर्गात त्यांना तोंड देणारा प्रतिकार क्वचितच आढळतो. प्रतिकारक जनुके मुख्यतः अमेरिकी व आशियाई रानद्राक्षांत आहेत. फ्रान्सने २०१८ साली ‘आर्ताबाँ’, ‘फ्लोरेआल’, ‘विडोक’ आणि ‘व्होल्टिस’ या जातींना मान्यता दिली. त्यांत दोन्ही रोगांविरुद्ध एकाहून अधिक जनुके एकत्र आणलेली आहेत. मात्र त्या वाइनच्या जाती आहेत. आपल्याला ही जनुके बिनबियांच्या, लांब मण्यांच्या आणि दूरच्या प्रवासात टिकणाऱ्या द्राक्षात आणावी लागतील. रानद्राक्षाशी संकर केला की बिया, लहान मणी आणि वेगळी चव हे गुणही सोबत येतात आणि ते काढून टाकण्यासाठी पुन्हा कित्येक पिढ्या संकर करावे लागतात. त्यामुळे हे शक्य असले, तरी त्याला बरीच वर्षे द्यावी लागतील.